हात तोच, टेकन तेच, मग हरतोय का? कन्सोल बदलताना या चुका टाळा

क्रिकेटच्या किंवा गाड्यांच्या गेममध्ये कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, बदलला तर चित्र थोडं बरं-वाईट होतं, खेळ तोच राहतो. टेकनसारख्या, दोन पात्रांच्या मारामारीच्या फायटिंग गेमचं तसं नाही. इथे सेकंदाचे ६० तुकडे पडतात. एक तुकडा म्हणजे एक फ्रेम, साधारण १६.७ मिलिसेकंद. टेकन ७ मध्ये समोरच्याचा वार अडवून परत मारायचा तर सगळ्यांकडे असलेला सर्वांत जलद ठोसा १० फ्रेमचा, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. त्यातले चार-पाच फ्रेम टीव्हीने किंवा डिस्कने खाल्ले, की रामबागेत सगळ्यांना लोळवणारा मुलगा विजयनगरला मित्राच्या घरी जाऊन हरतो आणि वर म्हणतो, "आज हात चालत नाहीये." हात चालतोय. समोरची आवृत्ती वेगळी आहे.

५० हर्ट्झची डिस्क ६० समजून खेळणे

जुन्या कन्सोलवर सर्वांत जास्त नडणारी आणि सर्वांत कमी लक्षात येणारी गोष्ट हीच. आपल्याकडचा जुना टीव्ही पाल पद्धतीचा: ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चित्र, आणि ६२५ रेषा. जपान आणि अमेरिकेत एनटीएससी: ६० हर्ट्झ, ५२५ रेषा. बहुतेक फायटिंग गेम जपानी, ६० चा हिशेब धरून लिहिलेले. पाल आवृत्ती काढताना कंपनीने वेग पुन्हा जुळवला नाही, तर अख्खा गेम सहाव्या हिश्शाने मंदावतो. १० फ्रेमचा ठोसा १६७ ऐवजी २०० मिलिसेकंद घेतो. वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि पात्रं डोक्यावर हात ठेवून दाबल्यासारखी बुटकी दिसतात. पट्ट्या दिसल्या की वेगावर शंका घ्यावी, ही साधी खूण.

हा घोळ फक्त जुन्या काळातला नाही. २०१८ च्या डिसेंबरात आलेल्या प्लेस्टेशन क्लासिक या छोट्या कन्सोलमध्ये टेकन ३ घातला तो पालचाच, ५० हर्ट्झचा. एचडीएमआय टीव्हीवर, नव्या कोऱ्या यंत्रात! ज्यांनी तो गेम सायबर कॅफेतल्या पीसीवर ६० च्या वेगाने घोटला होता, त्यांची बोटं त्यावर कायम लवकर पडणार.

उपाय कन्सोलवर अवलंबून आहे. पीएस-२, म्हणजे प्लेस्टेशन २, च्या बऱ्याच पाल डिस्क सुरू होतानाच ५० की ६० असं विचारतात, किंवा ऑप्शन्समध्ये तशी सोय असते. आजचा कुठलाही एलईडी टीव्ही ६० घेतो, तेव्हा डोळे मिटून ६० निवडा. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर चित्र वर-वर सरकत राहिलं, तरच ५० वर परत या. पीएस-१ वर असं विचारणाऱ्या डिस्क जवळपास नाहीतच. तिथे डिस्कवर जी पद्धत तीच, एवढं धरून सराव करा.

चित्र काळं-पांढरं येतंय म्हणून कन्सोल उघडणे

पाल कन्सोलमध्ये एनटीएससी डिस्क चालली आणि पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची वायर असली, तर रंगाचा सिग्नल टीव्हीला कळत नाही आणि चित्र काळं-पांढरं येतं. कन्सोल बिघडलेला नसतो. टीव्हीच्या मेनूत कलर सिस्टिम 'ऑटो' करून पाहा, मग पाल-६० आणि एनटीएससी. याच्या उलट, पीएस-२ ला कंपोनंट वायर (चित्रासाठी लाल-हिरव्या-निळ्या वेगळ्या पिना असलेली) लावल्यावर सगळं हिरवट दिसलं, तर सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये 'कंपोनंट व्हिडिओ आउट' आरजीबीवर राहिलंय. आधी साधी तीन पिनांची वायर लावून चित्र आणा, ते सेटिंग 'वाय सीबी सीआर'वर करा, मग पुन्हा कंपोनंट जोडा.

परदेशातून आलेला कन्सोल थेट भिंतीत लावणे

काकांनी अमेरिकेहून आणलेला जाडा पीएस-२ फक्त १२० व्होल्टचा असतो, जपानी असला तर १०० चा. एक्सबॉक्स ३६० ची अमेरिकन वीट, म्हणजे तो जड अडॅप्टर, तोही आपल्या २३० व्होल्टचा नाही. एकदा लावलं की सप्लाय गेला. मागच्या लेबलवर '१००–२४०' लिहिलेलं असेल तरच फक्त पिन बदला. नसेल तर व्होल्ट उतरवणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर हवाच, आणि तो लेबलवरच्या वॉटपेक्षा किमान दीडपट क्षमतेचा घ्या. पीएस-४ आणि पीएस-५ ला ही भीती नाही.

नाव एक म्हणजे गेम एक, असं धरणे

इथे जरा थांबायला हवं, कारण जुने कन्सोल विकत घेणारे इथेच फसतात. गेम पार्लरमधलं मशीन आणि घरचा कन्सोल यांच्यात मेमरीचा फरक प्रचंड असायचा, आणि घरची आवृत्ती काढताना काय कापायचं हे दर वेळी वेगळं ठरायचं.

सर्वांत स्पष्ट उदाहरण एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर. या गेमचा जीवच मुळी दोन पात्रांची जोडी आणि लढता-लढता केलेली अदलाबदल. सेगा सॅटर्नची १९९७ ची आवृत्ती फक्त जपानात निघाली. ती ४ एमबीची रॅम कार्ट्रिज, म्हणजे जादा मेमरीची वडी, लावूनच चालते, म्हणून अदलाबदल तिच्यात शाबूत आहे. पीएस-१ ची मुख्य मेमरी २ एमबी. चार पात्रं एकदम मावेनात, तेव्हा १९९८ च्या आवृत्तीतून अदलाबदलच काढली. जोडीदार फक्त मदतीला येऊन एक फटका मारून जातो. दोन्ही बाजूंना तीच पात्रं घेतली तरच अदलाबदल करता येते. जेल रोडवर कुणी सॅटर्न आणि ही डिस्क विकत असेल तर पहिला प्रश्न हा: रॅम कार्ट्रिज सोबत आहे का? नसेल तर डिस्क शोभेची.

मॉर्टल कॉम्बॅटची गोष्ट वेगळी, तिथे मेमरी नव्हे, धोरण आडवं आलं. १३ सप्टेंबर १९९३ ला तो घरगुती कन्सोलवर आला. सुपर निन्टेन्डोवर रक्ताच्या जागी करडा घाम उडतो आणि काही फेटॅलिटी, म्हणजे शेवटचे जीवघेणे वार, बदललेल्या आहेत. सेगाच्या मेगा ड्राइव्हवर रक्त आहे, पण कुलुपात: सुरुवातीला मजकूर येतो त्या स्क्रीनवर ए, बी, ए, सी, ए, बी, बी दाबायचं. 'माझ्या कॅसेटमध्ये रक्त नाही, नकली आहे' ही तक्रार बहुधा या सात बटणांपाशी मिटते. सुपर निन्टेन्डोवर मात्र असा कुठला कोड नाही, शोधत बसू नका.

मेगा ड्राइव्हवरच्या स्ट्रीट फायटर २ ला सहा बटणं लागतात आणि जुन्या पॅडवर तीनच आहेत. तिथे स्टार्ट दाबून ठोसे आणि लाथा आलटून-पालटून मिळतात. लढतीच्या मधोमध स्टार्ट दाबायचं म्हणजे शिक्षाच. सहा बटणांचं पॅड नसेल तर ती आवृत्ती घेऊच नये.

कधी घरची आवृत्ती वरचढही असते. टेकन ३ पीएस-१ वर येताना मागची त्रिमिती दृश्यं सपाट चित्रं झाली, पण बदल्यात गॉन आणि डॉक्टर बॉस्कोनोविच ही पात्रं मिळाली. १९९९ चा ड्रीमकास्टवरचा सोलकॅलिबर तर पार्लरच्या मशीनपेक्षा देखणा. आणि २००३ च्या सोलकॅलिबर २ मध्ये पाहुणा पात्र कन्सोलगणिक वेगळा: पीएस-२ वर हेइहाची, गेमक्यूबवर लिंक, एक्सबॉक्सवर स्पॉन. पीएस-२ वर लिंक 'अनलॉक' करण्याच्या युक्त्या सांगणाऱ्याला नमस्कार करून पुढे निघावं.

नवे कन्सोलही यातून सुटलेले नाहीत. अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४ ची पीएस-४ आवृत्ती २०१५ मध्ये आली तेव्हा तिच्यात इतके दोष होते की मोठ्या स्पर्धा जुन्या एक्सबॉक्स ३६० वरच राहिल्या. २०२३ चा मॉर्टल कॉम्बॅट १ निन्टेन्डो स्विचवर इतर कन्सोलपेक्षा उघड-उघड खालच्या दर्जाचा आहे. टेकन ८ पीएस-४ साठी निघालेलाच नाही; त्या नावाची पीएस-४ डिस्क कुणी दाखवली तर हात जोडा. स्ट्रीट फायटर ६ मात्र पीएस-४ वर आहे.

पीएस-५ वर नकळत पीएस-४ चीच आवृत्ती चालवणे

पीएस-४ ची डिस्क घातली की पीएस-५ मुकाट्याने पीएस-४ ची आवृत्ती उतरवू शकतो. होम स्क्रीनवर गेमच्या चित्राजवळ 'पीएस४' दिसतंय का बघा. दिसलं तर तीन टिंबांच्या मेनूतून आवृत्ती बदला. स्ट्रीट फायटर ६ मध्ये हा बदल फुकट आहे. डिस्क तरीही आत लागतेच, त्यामुळे डिस्क ड्राइव्ह नसलेल्या डिजिटल पीएस-५ वाल्याने मित्राची डिस्क मागून उपयोग नाही. आणखी एक: पीएस-४ चा रिमोट, म्हणजे हातातला कंट्रोलर, पीएस-५ च्या गेमना चालत नाही.

सेव्ह न होणारा टेकन ३

पीएस-२ वर टेकन ३ खेळून पात्रं उघडली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवातीची १० च? पीएस-१ च्या गेमचं सेव्ह पीएस-२ च्या ८ एमबी कार्डावर बसत नाही. पीएस-१ चं वेगळं कार्ड लावावं लागतं. तसंच, मुख्य मेनूत त्रिकोण दाबून प्लेस्टेशन ड्रायव्हरमध्ये डिस्क स्पीड 'फास्ट' केला असेल आणि गेम मध्येच अडकत असेल, तर तो 'स्टँडर्ड' करा.

अक्षर पाहून कॉम्बो पाठ करणे

टेकनमध्ये डावा ठोसा, उजवा ठोसा, डावी लाथ, उजवी लाथ. प्लेस्टेशनवर चौकोन, त्रिकोण, फुली, गोल. एक्सबॉक्सवर एक्स, वाय, ए, बी. निन्टेन्डोवर त्याच जागांवर वाय, एक्स, बी, ए. एक्सबॉक्सचा 'ए' खाली आणि निन्टेन्डोचा 'ए' उजवीकडे, म्हणून अक्षर वाचून शिकलेला कॉम्बो, म्हणजे लागोपाठच्या फटक्यांची साखळी, दुसऱ्या कन्सोलवर उलटा पडतो. बटणाची जागा पाठ करा. टेकन खेळणारे १, २, ३, ४ असे आकडे वापरतात ते याचसाठी.

टीव्हीचा दोष गेमला देणे

पीएस-१ आणि पीएस-२ ला स्वस्तातला एव्ही-टू-एचडीएमआय डबा लावला की तो चित्र आधी साठवतो, मग पाठवतो. जुन्या कन्सोलचा सिग्नल त्याला नीट ओळखता येत नाही, म्हणून कडा थरथरतात आणि उशीरही वाढतो. नव्या कन्सोलवर गुन्हेगार बहुधा टीव्हीच असतो: उशीर कमी करणारा गेम मोड बंद, आणि चित्र सुळसुळीत करणारी मोशनची सोय चालू.

अंदाज बांधू नका, मोजा. मोबाइलचा स्लो मोशन २४० फ्रेमवर ठेवा, बोट आणि पडदा दोन्ही एका चौकटीत घ्या, साधा ठोसा दहा वेळा मारा. व्हिडिओत बटण तळाला टेकलेल्या क्षणापासून पात्राचा खांदा हलेपर्यंतचे फ्रेम मोजा. एक फ्रेम सुमारे ४.२ मिलिसेकंद, म्हणजे २४ आले तर १००. दहांची सरासरी काढा. मग गेम मोड लावून पुन्हा, तोच एचडीएमआय पोर्ट, तोच रिमोट, तेच पात्र. फरक ५० मिलिसेकंदांचा निघाला, तर तीन फ्रेम टीव्ही खात होता.

डिस्क एका देशाची, खातं दुसऱ्या देशाचं

पीएस-४ आणि पीएस-५ ची डिस्क कुठल्याही देशाची चालते, म्हणून दुबईहून आणलेली स्वस्त पडते. पण विकत घेतलेली जास्तीची पात्रं डिस्कच्या विभागाशी बांधलेली असतात. भारतीय खात्यावर पैसे भरून घेतलेलं पात्र दुसऱ्या विभागाच्या डिस्कवर दिसलंच नाही, असं होतं. पात्रं विकत घ्यायची असतील तर डिस्क इथलीच घ्या.

गल्लीतल्या स्पर्धेआधी दोन्ही कन्सोलच्या टायटल स्क्रीनवरचा आवृत्ती क्रमांक जुळवा. नेटला न जोडलेला कन्सोल डिस्कवरचाच जुना गेम चालवतो, आणि पॅचमध्ये, म्हणजे नंतर नेटवरून आलेल्या सुधारणेत, फटक्यांचे फ्रेम बदललेले असू शकतात. हॉटस्पॉटवरून काही जीबी उतरायला वेळ लागतो; हे काम आदल्या रात्री उरका.