काळजीला साडेआठची वेळ द्या

31 वर्षं एसटीत कंडक्टर होतो, त्यातली बरीचशी पाटणच्या वरच्या अंगाच्या गाड्यांवर. एकदा सुट्ट्या तीन रुपयांवरून एका पाव्हण्यानं भर गाडीत मला चोर म्हटलं. भांडण दोन मिनिटांत मिटलं, पण माझ्या डोक्यात ते अकरा दिवस चाललं. मुक्कामी गाडीत मागच्या लांब सीटवर पडलो की त्याला द्यायची उत्तरं सुचायची, एकापेक्षा एक झणझणीत. शेवटी बायकोनं विचारलं, "अहो, जेवताना कुणाशी बोलताय?" तेव्हा साताऱ्यात एका समुपदेशक बाईंकडे गेलो. त्यांनी शिकवलं त्यातलं जे ड्युटीत टिकलं, तेवढंच इथं सांगतो.

एक खिशातली वही घ्या. माझी लाल कव्हरची होती, दहा रुपयांची. दिवसाची कॅश भरून झाली की, म्हणजे तुमचं जे रोजचं शेवटचं काम असेल ते झालं की, तिच्यात तीन वाक्यं लिहा. पहिल्यात फक्त घडलं ते, म्हणजे शेजारच्या माणसाला दिसलं आणि ऐकू आलं असतं तेवढंच. दुसऱ्यात, त्यावर मनानं काय जोडलं ते. तिसऱ्यात, उद्याचं एक काम. त्या दिवसाबद्दल मी असं लिहिलं होतं: 'प्रवासी मला चोर म्हणाला. सगळ्या गाडीला वाटलं की मी पैसे खातो. उद्या निघण्याआधी कॅन्टीनमधून पन्नास रुपयांची चिल्लर घ्यायची.'

आता दुसरं वाक्य परत वाचा आणि तपासणीला आलेल्या साहेबासारखं त्याला धरा. सगळ्या गाडीला? गाडीत चाळीसेक माणसं, त्यातली निम्मी पेंगत होती. दोघं तर माझ्याच बाजूनं बोलले होते. हे मी लिहीपर्यंत मला आठवलंसुद्धा नव्हतं! प्रसंगापेक्षा त्याबद्दल आपण मनाशी जे बोलतो त्याचा जाच जास्त, हा विचार अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसतज्ज्ञानं 1955च्या सुमारास उपचारात आणला आणि मराठीत तो कि. मो. फडके यांनी रुजवला, हे मला फार नंतर कळलं. मला तोवर ती बाईंचीच युक्ती वाटत होती. पहिले आठ-दहा दिवस लिहायचा कंटाळा येईल, अक्षरही गचाळ येईल. येऊ द्या. वही कुणाला दाखवायची नाहीये.

दुसरी सवय काळजीची. थोरल्याची फी, आईचे गुडघे, कर्जाचा हप्ता, हे सगळं तिकिटं फाडतानाच आठवणार. 'विचार करू नको' असं स्वतःला सांगून बघा, तोच विचार दुप्पट येतो. म्हणून त्याला वेळ द्यायची. माझी वेळ रात्री साडेआठ, फक्त पंधरा मिनिटं. मुक्कामाच्या गावात गाडी लावून, हातपाय धुऊन, देवळाच्या पायरीवर बसायचं आणि मनसोक्त काळजी करायची. दिवसा काही डोकावलं की मनात म्हणायचं, "साडेआठला ये." हसू येईल, पण म्हणाच. निम्म्या काळज्या साडेआठला आठवतच नाहीत. ज्या उरतात त्यांचे दोन ढीग करा: ज्यात माझ्या हातात काही आहे त्या, आणि ज्यात नाही त्या. पहिल्या ढिगातली एक उचलून वहीच्या तिसऱ्या वाक्यात टाका. पावणेनऊला उठायचं. ही वेळ झोपेच्या तोंडावर मात्र ठेवू नका आणि अंथरुणात तर नाहीच. मी आधी तीच चूक केली आणि पाटणचा पाऊस रात्रभर पत्र्यावर मोजत बसलो.

श्वासाचं थोडक्यात सांगतो. चार आकडे मोजत नाकानं आत, सहा मोजत बाहेर, असं दहा वेळा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. वेगळी वेळ काढू नका, राहून जाईल. रोजच्या एखाद्या गोष्टीला बांधून टाका. मी तिकिटं संपली, डबल बेल दिली की सीटवर बसून करायचो. तुम्ही कुकरच्या पहिल्या शिट्टीला करा, नाहीतर लिफ्टची वाट बघताना.

चहा दुपारी चारनंतर बंद. त्यातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात. मुक्कामाच्या गावात नको म्हटलं की लोक रागावतात, हे खरं. तिथं मी दूध मागायचो.

आणि रोज एका माणसाशी कामाव्यतिरिक्त बोला. ड्रायव्हरशी मी सहा वर्षं फक्त "चला" आणि "थांबा" एवढंच बोललो होतो. एका रात्री डबा उघडून बसलो तेव्हा कळलं, त्यालाही झोप येत नव्हती.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जाऊ नका. पहाटे पाचला उठणं, तासभर ध्यान, हे माझ्याच्यानं कधी झालं नाही आणि त्यावाचून अडलंही नाही.

पण वहीनं सगळंच भागत नाही. सलग दोन आठवडे मन उदास असेल, झोप-भूक गेली असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर डॉक्टरकडे जायचं. जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांवर उपचार मिळतात. जगणं नको असं मनात आलं तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही, त्याच घडीला जवळच्या माणसाला सांगायचं आणि 14416 लावायचा. ही सरकारची टेलिमानस सेवा, ऑक्टोबर 2022पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्रीबेरात्रीही चालते आणि मराठीत बोलता येतं. त्या ड्रायव्हरला हा नंबर मीच लावून दिला होता. आता तो माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे, डेपोच्या नंबरच्या वर.