या चुका टाळा: डिझेल गाडी थंड ठेवायच्या नादात इंजिनाचं नुकसान

उन्हाळा लागला की नाशिकमध्ये एक सल्ला हमखास कानावर येतो: "साहेब, थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी तापायचं नावच घेणार नाही." कृपा करून हे करू नका. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं, रेडिएटरमधून फिरणारं पाणी) साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसला असतं तेव्हाच डिझेल इंजिन नीट चालतं, आणि त्याला तिथे धरून ठेवतो तो थर्मोस्टॅटच. बहुतेक गाड्यांत तो ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडू लागतो. तोवर पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही.

तो काढला की निफाडचा पारा ५ अंशांखाली उतरतो तशा थंडीच्या सकाळी इंजिन गरमच होत नाही. डिझेल पूर्ण जळत नाही, ईजीआरमध्ये (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये) काजळी साचते, अ‍ॅव्हरेज पडतो. न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ होतं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत तर इंजिन पुरेसं तापल्याशिवाय डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली) काजळी जाळण्याची प्रक्रिया सुरूच होत नाही. डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि खर्च मोठा निघतो. शिवाय काही इंजिनांत गरम झाल्यावर बायपासची वाट थर्मोस्टॅटच बंद करतो. तिथे तो नसेल तर बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनातच फिरतं. म्हणजे ज्या घाटाच्या भीतीने तो काढला, त्याच घाटात गाडी तापते.

ओझरच्या पुढे पिंपळगावपर्यंत एकसारख्या वेगाने गेलात आणि तरीही तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येत नसेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असण्याचा संभव मोठा. सकाळी गार इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवा, पंख्यापासून जपून. पाइप आधी गार राहून मग एकदम गरम व्हायला हवा. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर तो बदला. सुटा भाग महाग नसतो.

गाडी गरम व्हावी म्हणून दहा मिनिटं जागेवर चालू ठेवणं हीही चूक. डिझेल आयडलवर फार थोडी उष्णता देतं. अर्धा मिनिट थांबा आणि पहिले काही किलोमीटर हलक्या पायाने चालवा.

काट्यावर डोळे मिटून विसंबू नका. अनेक गाड्यांत तापमान दहा-वीस अंशांनी हललं तरी काटा मधोमधच ठेवलेला असतो. खरा आकडा ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणाऱ्या यंत्रावर) दिसतो. कूलंट गळून सेन्सर कोरडा पडला, तर इंजिन जळत असतानाही काटा खाली येऊ शकतो. काटा अचानक पडला आणि एसीचा हीटर गार हवा देऊ लागला, तर लगेच गाडी थांबवून इंजिन बंद करा.

बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये अजिबात घालू नका. त्यातले क्षार आतल्या बारीक नळ्यांत खपल्यांसारखे बसतात. मॅन्युअलमध्ये सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर घ्या. नुसता रंग जुळतो म्हणून दोन कूलंट मिसळू नका.

गाडी कुठे तापते तेही पाहा. द्वारका चौकाच्या कोंडीत तापते आणि हायवेवर शांत होते, तर पंखा, रिले, फ्यूज तपासा. कोंडीत ठीक पण कसाऱ्याचा किंवा नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा चढ लागला की तापते, तर चोंदलेला रेडिएटर किंवा वॉटर पंपाकडे बघा.

चढावर वरचा गिअर धरून इंजिन कण्हत ठेवू नका; खालचा गिअर घ्या म्हणजे पंप वेगाने फिरतो. काटा चढू लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू. वाफ दिसली तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण उघडू नका. दाबाखालचं उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं. गरम इंजिनवर गार पाणी ओतलं तर हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) तडा जाऊ शकतो. बॉनेट उघडून निदान अर्धा-पाऊण तास थांबा.

एकदा जोरात तापलेल्या गाडीत कूलंटच्या टाकीत बुडबुडे येत असतील, गरम झाल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर निघत असेल किंवा ऑइल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलं असं धरा. ती गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेऊ नका, टो करूनच न्या.