देशोदेशीच्या जुन्या वास्तूंच्या सौंदर्याची तुलना कशी करावी : ठाण्यातून सुरू होणारी एक रीत

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी संपून सहलीला गेलेली मंडळी परत आली, की नौपाड्यात दर रविवारी सकाळी जमणाऱ्या आमच्या आठ-दहा जणांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो : जुन्या वास्तूंच्या सौंदर्यात कोणता देश सर्वांत पुढे? इटली पाहून आलेल्याला दुसरे काही सुचत नाही, कंबोडियाहून आलेला अंकोरपुढे कोणालाही उभे करीत नाही, आणि कुठेच न गेलेला वेरूळचे नाव घेऊन सर्वांना गप्प करतो. हा प्रश्न मला पोरकट वाटत नाही, कारण दोन वास्तू शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्याखेरीज डोळा तयार होत नाही. मात्र त्या शेजारी ठेवण्यालाही काही रीत हवी. पहिल्या वर्षी आम्ही प्रत्येक देशाला दहापैकी गुण देऊन पाहिले. ज्याने जो देश पाहिला होता त्याने त्याला नऊ दिले, आणि न पाहिलेल्या देशांच्या वाट्याला पाच-सहा आले. म्हणजे मोजले गेले ते आमचे प्रवास. त्यानंतर गुणांची वही बंद केली आणि हळूहळू जी पद्धत बसत गेली ती इथे सविस्तर मांडतो.

आधी एक वास्तू पाठ करावी

परदेशाकडे वळण्यापूर्वी आपल्या हाताशी असलेली, पुन्हा-पुन्हा जाता येईल अशी एक वास्तू निवडावी आणि ती अक्षरशः पाठ करावी. ठाणेकरांसाठी माझे उत्तर ठरलेले आहे : अंबरनाथचे शिवमंदिर. अंबरनाथ, बदलापूर किंवा कर्जत लोकल पकडावी, पूर्वेला उतरून रिक्षा करावी, आणि वालधुनी नदीच्या काठी असलेल्या या मंदिरासमोर निदान दोन तास बसावे. मंदिरातील शिलालेखावर शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० हे वर्ष आहे. बांधकाम शिलाहारांच्या काळातले आहे. पूजा आजही चालते, त्यामुळे गाभाऱ्यापाशी रेंगाळताना दर्शनाला आलेल्यांची वाट अडवू नये.

पहिल्या भेटीत शिल्पांकडे पाहूच नये, भिंतीकडे पाहावे. ही भिंत सरळ जात नाही; ती वीतभर पुढे येते, मागे सरते, पुन्हा पुढे येते, आणि अशा प्रत्येक कोनाची स्वतःची एक उभी सावली पडते. मंदिर पश्चिमाभिमुख असल्याने दुपार कलल्यावर ऊन पुढच्या बाजूवर येते, आणि जो काळा दगड सकाळी एकसंध ढिगासारखा वाटला होता तो शेकडो उभ्या रेघांत सुटा होतो. शिखराचा वरचा भाग आज नाही. तरी जे उरले आहे त्यावर खालून वर चढत जाणाऱ्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये ओळीने बसवलेली छोटी-छोटी शिखरे स्पष्ट दिसतात. याला भूमिज शैली म्हणतात. मंडपातून गाभाऱ्यात जाताना पायऱ्या उतराव्या लागतात, आणि प्रत्येक पायरीगणिक उजेड आणि आवाज दोन्ही कमी होत जातात. पहिल्यांदा उतरलो तेव्हा माझे बोलणे आपोआप थांबले होते, आणि त्याचे कारण शोधता-शोधताच मला पुढची सगळी पद्धत सुचली.

या भेटींतून चार प्रश्न वहीत लिहून घ्यावेत. वास्तू कशाची बांधली आहे, आणि त्या सामग्रीने कारागिराला काय करू दिले, काय करू दिले नाही? छताचा भार जमिनीपर्यंत कोणत्या वाटेने येतो? उजेड कुठून आत येतो, आणि कुठे मुद्दाम अडवला आहे? आणि चालणाऱ्या माणसाला ही वास्तू कशी वळवते, कुठे थांबवते? पुढे कोणत्याही देशाच्या कोणत्याही इमारतीला हेच चार प्रश्न विचारायचे आहेत. अंकोर वाटही पश्चिमाभिमुख आहे हे कळल्यावर तिथे दुपारी काय दिसत असेल याची कल्पना अंबरनाथ पाहिलेल्याला लगेच येते. त्याच वेळी तिथला वालुकाश्म आणि आपला कठीण काळा पाषाण यांतला फरकही ध्यानात येतो.

देशाशी देश न लावता घुमटाशी घुमट लावावा

संपूर्ण देश एकदम तराजूत घालता येत नाही. एका वेळी वास्तूचा एकच प्रकार घ्यावा : घुमट, दार, पाण्याची वास्तू, चौक, बुरूज. आम्ही सर्वांत जास्त वेळ घुमटांवर घालवला, म्हणून तेच उदाहरण देतो.

रोमच्या पॅन्थिऑनचा घुमट सम्राट हेड्रियनच्या काळातला, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्याचा आतला व्यास ४३.३ मीटर आहे, आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही जवळजवळ तेवढीच, त्यामुळे आत एक अख्खा गोल बसू शकतो. तो लोखंडी सळ्यांशिवाय ओतलेल्या काँक्रीटचा आहे, आणि वर जाताना काँक्रीटमधला दगड अधिकाधिक हलका होत जातो. माथ्यावर उघडे गोल छिद्र आहे. उजेडाची तबकडी दिवसभर भिंतीवरून सरकत राहते आणि पाऊस आला तर तो थेट आत पडतो. इस्तंबूलच्या हागिया सोफियाचा घुमट त्याहून लहान, सुमारे ३१ मीटरचा आहे. ही वास्तू ५३७ साली पूर्ण झाली, ५५८ साली घुमट कोसळला आणि ५६२ पर्यंत तो अधिक उंच करून पुन्हा बांधला गेला. त्याच्या पायथ्याशी चाळीस खिडक्यांची माळ आहे, त्यामुळे उजेडाच्या वेळी घुमट भिंतींवर टेकल्यासारखा वाटतच नाही. आपल्या विजापूरचा गोल घुमट १६५६ चा; आतला व्यास सुमारे ३८ मीटर. चौकोनी दालनावर गोल घुमट बसवण्यासाठी तिथे एकमेकींना छेदणाऱ्या कमानींची जी जाळी उभी केली आहे, ती खाली उभे राहून नजरेने उलगडत गेले की गणित शिकल्याचा आनंद मिळतो. इराणमधील इस्फहानची शेख लुत्फुल्ला मशीद या तिघांपुढे अगदी लहान. तिला मिनार नाही, अंगणही नाही. समोरच्या नक्श-ए-जहान चौकातून आत शिरल्यावर एक अंधारी वाट वळत-वळत नेते, कारण चौकाची दिशा वेगळी आणि मक्केची दिशा वेगळी. आणि त्या वळणानंतर अचानक पिवळसर व निळ्या फरश्यांनी मढवलेला घुमट डोक्यावर येतो, ज्यात जाळीच्या खिडक्यांतून उजेड गाळून येतो.

चौघांना चार प्रश्न विचारल्यावर आकार हा निकष आपोआप मागे पडतो. गोल घुमटाच्या धैर्याला मी मनापासून दाद देतो, पण माणसाला वळवून आणण्याची आणि योग्य क्षणी थांबवण्याची कला इस्फहानमध्ये अधिक सूक्ष्म आहे, असे माझे मत आहे. आमच्यापैकी दोघे अजूनही पॅन्थिऑनवर ठाम आहेत. त्यांचे कारण उजेड हे आहे, आणि ते कारण खोटे नाही.

छायाचित्र बाजूला, आलेख वही समोर

छायाचित्रावरून तुलना करणे ही सर्वांत मोठी चूक. रुंद भिंगाने काढलेल्या चित्रात देव्हारासुद्धा सभागृहाएवढा दिसतो. त्याऐवजी वास्तूचा तलविन्यास (वरून पाहिल्यासारखा जमिनीचा नकाशा) आणि उभा छेद (वास्तू मधोमध उभी कापल्यास दिसेल ती आकृती) मिळवावा, आणि आलेख वहीवर दहा मीटरला एक सेंटिमीटर या एकाच प्रमाणात सर्व आकृत्या काढाव्यात. पॅन्थिऑनचा घुमट ४.३ सेंटिमीटरचा होतो, गोल घुमट ३.८ चा, हागिया सोफिया ३.१ ची. इस्फहानचा नक्श-ए-जहान चौक सुमारे ५६० मीटर लांब आणि १६० मीटर रुंद आहे. तो काढायला लागलो तेव्हा वहीचे पान संपले आणि आम्हाला ५६ सेंटिमीटरसाठी चित्रकलेचा मोठा कागद आणावा लागला. त्या कागदाच्या एका कडेला लुत्फुल्ला मशिदीचे इवलेसे चौकोन काढल्यावर इराणचा बादशहा शाह अब्बास याच्या नगररचनाकारांनी केवढ्या मोकळ्या जागेच्या काठावर किती लहान रत्न बसवले होते, हे हाताला समजले.

खाते कोणाच्या नावावर?

आजच्या सीमा जुन्या कारागिरांना ठाऊक नव्हत्या. उत्तम ग्रीक मंदिरांपैकी काही आज इटलीत, सिसिली बेटावरील अग्रिजेन्तो येथे उभी आहेत. तैमूर आणि त्याच्या वंशजांच्या काळाची शान असलेले समरकंद उझबेकिस्तानात आहे. कोर्दोव्याची मशीद स्पेनची. आपल्याजवळचे उदाहरण वसईच्या किल्ल्याचे. पोर्तुगीजांनी तो १५३४ नंतर वाढवला, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी तो जिंकला, आणि आतल्या चर्चच्या भग्न कमानी आजही उभ्या आहेत. वसईकडचा काळा दगड गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेलाही गेला. अशा वास्तू पोर्तुगालच्या खात्यात टाकायच्या की भारताच्या? आम्ही दोन रकाने ठेवतो : पहिल्यात ज्या भूमीवर वास्तू उभी आहे तो देश, दुसऱ्यात ज्या परंपरेने तिला आकार दिला ती परंपरा. दोन्ही रकाने भरल्याशिवाय चर्चा सुरू करू नये.

जागतिक वारशाच्या यादीतील संख्येवरून निकाल लावण्याचा मोह अनेकांना होतो. युनेस्कोचा करार १९७२ चा आणि पहिल्या बारा स्थळांची नोंद १९७८ ची, पण ही यादी सौंदर्यस्पर्धा म्हणून कधीच आखलेली नव्हती. प्रस्ताव त्या-त्या देशालाच पाठवावा लागतो, जंगले आणि पर्वतही तिच्यात येतात, आणि एक नोंद म्हणजे एक वास्तू असेही नसते. २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून बारा किल्ले यादीत गेले, ते एकाच नोंदीखाली. अंबरनाथ यादीत नाही, म्हणून त्या भिंतीवरची सावली काही कमी देखणी होत नाही.

लाकूड, माती आणि जुनेपणाचा प्रश्न

दगडाच्या देशांना तुलनेत न मागता झुकते माप मिळते, कारण दगड टिकतो. म्हणून लाकडाच्या आणि मातीच्या परंपरांसाठी वेगळा वेळ राखून ठेवावा. जपानमधील होर्यू-जी येथे जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारती आहेत, आणि त्याच देशात इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधले जाते. गेल्या वेळी ते २०१३ मध्ये झाले. मालीतील जेन्ने येथील मोठ्या मशिदीची सध्याची इमारत १९०७ ची आहे, पण तिला दरवर्षी गावकरी एकत्र येऊन मातीचा नवा लेप देतात, आणि भिंतीतून बाहेर आलेल्या लाकडी दांड्यांवर चढूनच ते काम होते. वॉर्साचे जुने शहर दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झाल्यावर पुन्हा उभारले गेले आणि १९८० मध्ये जागतिक वारशात आले. या वास्तूंना 'खऱ्या जुन्या नाहीत' म्हणून वगळावे काय? १९९४ मध्ये जपानमधील नारा येथे तज्ज्ञांनी या प्रश्नावर एक दस्तऐवज तयार केला, आणि अस्सलपणा प्रत्येक संस्कृतीच्या स्वतःच्या संदर्भात जोखावा, ही भूमिका त्याने मांडली. मी ती मानतो.

माझ्या आजोबांचा वाडा पाडून तिथे सात मजली इमारत झाली तेव्हा मी एक सुरूदार खांब मागून घेतला. सागवानी, खाली फुगीर, वर निमुळता होत जाणारा, माथ्यावर केळफुलासारखी नक्षी. तळाशी वाळवीने खाल्लेला भाग बोटाने दाबला तर आजही भुगा पडतो. सुरू हा शब्द फारसी 'सर्व' वरून आला आहे, आणि ते झाड इराणी बागांचे, इराणी चित्रांचे. ठाण्यातल्या एका माजघराचे छप्पर तोलणारा खांब इस्फहानशी असा नाते सांगतो. दुसऱ्या रकान्यात हे नाते नोंदवले नाही, तर आपली तुलना निम्मी आंधळी राहते.

निकाल कसा लिहावा

गुण देऊ नयेत. प्रत्येक प्रकारासाठी एक परिच्छेद लिहावा आणि त्यात 'कारण' हा शब्द आला आहे ना, हे तपासावे. माझे आजचे परिच्छेद असे आहेत. अखंड डोंगरातून वास्तू काढण्यात भारताला तोड नाही, कारण आठव्या शतकातील वेरूळच्या कैलासात कारागिरांनी वरून खाली खोदत येताना चूक दुरुस्त करण्याची सोयच ठेवली नव्हती. इथिओपियातील लालिबेलाची अकरा दगडी चर्चेस मात्र साधेपणामुळे त्याच्या सर्वांत जवळ येतात. रंग आणि प्रमाण यांत इराण पुढे. गल्लीपासून चौकापर्यंत संपूर्ण नगर देखणे ठेवण्यात इटली. जपण्याच्या कलेत जपान. हे निकाल दोन वर्षांनी बदलू शकतात, म्हणून परिच्छेदाखाली तारीख घालावी.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने घुमट पहिल्यांदा घेऊ नये. त्याला छेद वाचता यावा लागतो. दारापासून सुरुवात करावी. अंबरनाथच्या गाभाऱ्याच्या दाराशी उभे राहून चौकटीच्या कोरीव पट्ट्या, ज्यांना द्वारशाखा म्हणतात, बाहेरून आत मोजाव्यात. मग फ्रान्समधील शार्त्र येथील कॅथीड्रलच्या दारांवर, एकात एक शिरत जाणाऱ्या आणि मूर्तींनी भरलेल्या कमानी पाहाव्यात, आणि त्यानंतर इस्फहानच्या शाही मशिदीचे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे खोलगट प्रवेशद्वार. तिन्ही ठिकाणी भिंतीची जाडी टप्प्या-टप्प्याने उघड केली आहे आणि आत जाणाऱ्याचे पाऊल मंदावले आहे. तिन्ही दारे एकाच प्रमाणात एकाच पानावर काढावीत, खाली चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत, आणि ते पान घेऊन पुढच्या रविवारी दुपारी तीनच्या सुमारास पुन्हा अंबरनाथला जावे, म्हणजे ऊन दर्शनी भागावर आलेले असेल.