गोळ्यांच्या पट्टीवर मोठा ‘पॅ’

नाशिकला थंडी पडली की घरोघरी सर्दी-ताप. सर्दीची एक गोळी घेतली, अंग दुखतंय म्हणून वर डोलो 650, म्हणजे ताप-अंगदुखीवरचं पॅरासिटामॉल. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतंच, आणि ते जास्त झालं की यकृताला इजा होते. माझी आई अशीच दोन्ही एकदम घेणार होती.

गोळे कॉलनीतून औषधं आणली की डब्यात टाकण्याआधी:

1. पट्टीमागची बारीक अक्षरं वाचा.
2. पॅरासिटामॉल दिसलं की मार्करने ‘पॅ 500’, ‘पॅ 650’ असं ठळक लिहा.
3. दोन ‘पॅ’ एकत्र नाहीत. मोठ्या माणसाला 24 तासांत सगळे मिळून 4,000 मिलिग्रॅमच्या वर नाहीतच.

रोज दारू पिणाऱ्यांना याहून कमी मात्राही बाधू शकते. त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.