किचनच्या कपाटांना काच लावताना या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की सांगलीत घरोघरी एकच घाई: पाहुणे यायच्या आत किचनच्या वरच्या कपाटांना काचेची दारं बसली पाहिजेत. मग मोबाइलमधला फोटो बघून काच ठरते आणि त्याच त्या चुका मला पुन्हा निस्तराव्या लागतात.

सगळ्यात महागात पडते ती शटर, म्हणजे काच बसवायची दाराची फ्रेम, हातात यायच्या आधीच टफन (भट्टीत तापवून मजबूत केलेल्या) काचेची ऑर्डर देण्याची चूक. विश्रामबागेतल्या एका घरी ती मीच केली. सुताराने इंच-सुतात दिलेली मापं मी न तपासता पुढे पाठवली. फ्रेम आल्या तेव्हा 6 पैकी 2 काचा एक सूत मोठ्या निघाल्या. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, जेमतेम 3 मिलिमीटर. घरातल्या काकू म्हणाल्या, "अहो, एवढंसं तर आहे, घासून टाका की." लक्ष्मीपूजन 4 दिवसांवर आलेलं. मी अडवायला हवं होतं, अडवलं नाही. सुताराने कोपऱ्याला ग्राइंडर टेकवला आणि अख्ख्या काचेचा साबुदाण्याएवढा चुरा झाला. ओट्यावर, ट्रॉलीत, डाळीच्या उघड्या डब्यात. काकूंना ती डाळ टाकून द्यावी लागली.

ही काच 600 अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोतांनी झटकन थंड करतात. बाहेरचा थर आवळला जातो, आतला ताणलेला राहतो. ताकद तिथूनच येते आणि कड कापली की तो सगळा ताण एकदम सुटतो. म्हणून कापणं, भोक पाडणं, कडा पॉलिश करणं, सगळं भट्टीत जायच्या आधी. आता मी फ्रेम टेबलावर आडवी ठेवतो, रुंदी आणि उंची तीन-तीन ठिकाणी मोजतो, दोन्ही कर्ण जुळवतो आणि सगळ्यात लहान मापातून 2 मिलिमीटर वजा करतो. "तोवर साधी काच लावा" म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणतो. डोक्याच्या उंचीवर साधी काच फुटली तर तिचे सुरे होतात. थांबायचं नसेल तर कपाटं उघडी राहू द्या, दिवाळी अडत नाही.

दुसरी चूक खरखरीत बाजू बाहेर ठेवण्याची. सँडब्लास्ट केलेली, म्हणजे वाळूच्या झोताने खरखरीत केलेली काच दुकानात फार देखणी दिसते. घरी रोज फोडणी होते, तेलाचा धूर त्या खरखरीत पृष्ठभागात मुरतो, वर हळदीचं बोट लागतं. मग घासणी, मग पावडर, आणि सहा महिन्यांत काच डागाळलेली. माझा आग्रह असतो की दुकानातल्या तुकड्यावर तेल-हळदीचं बोट लावा आणि ओल्या फडक्याने पुसून बघा. अॅसिडने दुधी केलेली काच जास्त गुळगुळीत असते, लवकर पुसली जाते. रेघांच्या फ्लूटेड काचेची सपाट बाजू बाहेर घ्या, रेघा तरीही दिसतातच. स्वस्तात पडते म्हणून गॅसजवळ फ्रॉस्टेड फिल्म चिकटवू नका, तिच्या कडा सुटतात.

रेघा उभ्या की आडव्या हे ऑर्डरच्या कागदावर बाण काढूनच द्या.

पांढरी लॅकर काच (मागून रंग दिलेली) हिरवट दिसते, कारण साध्या काचेत लोह असतं. शुभ्र हवी तर एक्स्ट्रा क्लिअर, म्हणजे कमी लोहाची काच मागा. ती चिकटवताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, मागचा रंग खराब होतो. न्यूट्रल घ्या.

आत भडंगाच्या पिशव्या आणि डब्यांची गर्दी असेल तर पारदर्शक काच नको.

5 मिलिमीटर काचेचं वजन चौरस मीटरला साडेबारा किलो भरतं. बिजागऱ्या त्या हिशेबाने घ्या.

आणि काच आली की बसवण्याआधी चारही कडांवरून सुती फडकं फिरवा. धागा अडकला तर तिथे टवका उडालेला आहे, ती काच तशीच परत पाठवा.