इंग्रजी वाक्प्रचारांचा अर्थ कसा लावावा आणि ते कसे वापरावेत

वाक्यातले सगळे शब्द ओळखीचे आहेत, तरी अर्थ लागत नाही? मग तिथे बहुधा वाक्प्रचार आहे. 'ही स्पिल्ड द बीन्स' म्हणजे त्याने गुपित फोडलं. घेवड्याच्या दाण्यांशी आपल्याला काही कर्तव्य नाही.

आधी पुढची दोन-तीन वाक्यं वाचून अंदाज बांधा, शब्दकोश त्यानंतर. शोधताना क्रियापद मूळ रूपात घ्या, 'स्पिल्ड' नव्हे, 'स्पिल'. 'हिज', 'माय' यांच्या जागी कोशात 'समवन्स' छापलेलं असतं, तेही ध्यानात ठेवा.

आता खरी मेख. मराठीत तसंच काही सापडलं की आपण खूश होतो. 'ॲड फ्युएल टू द फायर' आणि 'आगीत तेल ओतणे' यांचं जुळतंही. पण 'पुल समवन्स लेग' म्हणजे पाय ओढणे नव्हे. 'आय ॲम जस्ट पुलिंग युअर लेग' म्हणणारा माणूस नुसती थट्टा करतोय. पाय ओढणारा पुढे जाणाऱ्याला खाली खेचतो. इथे गफलत झाली तर विनाकारण अबोला धराल! म्हणून जोडी जुळली तरी कोशातलं उदाहरण वाचाच.

अर्थाच्या आसपास 'इन्फॉर्मल', 'ओल्ड-फॅशन्ड' असे शेरे असतात. बहुतेक जण ते वाचत नाहीत आणि तिथेच फसतात. 'किक द बकेट' म्हणजे मरणे, पण 'गचकणे'च्या चालीवर. शोकसंदेशात 'पास अवे'च हवं. मुसळधार पावसासाठीचं 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' पाठ्यपुस्तकांचं लाडकं असलं, तरी आता जुनाट वाटतं. साधं 'इट्स पोअरिंग' बरं.

काळ बदला, शब्द मात्र बदलू नका. कर्मणी प्रयोगात 'द बीन्स वेअर स्पिल्ड' चालतं, पण 'द बकेट वॉज किक्ड' म्हटलंत की कोणीतरी खरोखरच बादली लाथाडली असं होतं. असं का, याला सरसकट नियम नाही. वाचून वाचूनच कळतं.

समोरचा कुठला आहे, तेही पाहा. 'स्टिकी विकेट' म्हणजे अडचणीची परिस्थिती. हा क्रिकेटमधून आलेला प्रयोग अमेरिकी माणसाला कळेलच असं नाही. ढोबळ आकड्याला म्हणतात तो 'बॉलपार्क फिगर' बेसबॉलमधला. दृष्ट लागू नये म्हणून ब्रिटनमध्ये 'टच वुड' म्हणतात, अमेरिकेत 'नॉक ऑन वुड'.

वहीत नुसता अर्थ लिहू नका, वाक्यही लिहा. उदाहरणार्थ, 'बाइट द बुलेट: नको असलेली गोष्ट मन घट्ट करून उरकणे. आय बिट द बुलेट अँड सोल्ड द कार.' भूतकाळ 'बिट' होतो, हेही त्यातच लक्षात राहतं.

समजण्यासाठी शंभर शिका, वापरायला चार-पाच पुरतात. सुरुवात बोलण्यातून करा. करारात, अर्जात किंवा सूचनापत्रात वाक्प्रचार टाळलेलेच बरे, कारण वाचणाऱ्याची मातृभाषाही इंग्रजी नसू शकते.