श्वास वेगळा, श्वसन वेगळं: बायोलॉजीत मी जिथे अडकले

अकरावी सायन्सला बायो घेतलंय, दहावी मराठी माध्यमातून झालीय आणि पहिल्या चाचणीनंतर पोटात गोळा आलाय, अशांसाठी हे लिहितेय. हरितद्रव्य, हिमोग्लोबिन, फुप्फुसं वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरते. ते नसेल येत तर आधी दहावीचं विज्ञानाचं पुस्तक काढा. लाज वाटून घेऊ नका, मी बारावीतही ते उशाशी ठेवून झोपायचे.

माझी फजिती झाली बारावीच्या प्रॅक्टिकलला. टेबलावर फ्लास्क, त्यात मोड आलेले हरभरे, आत छोट्या नळीत केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) आणि बाहेर वाकवलेली काचेची नळी रंगीत पाण्यात. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, पाणी नळीत वर का चढलं? मी धडाधड बोलले. बियांनी ऑक्सिजन वापरला, बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड केओएचने शोषला, आतला दाब कमी झाला. सर खूश. मग त्यांनी खिडकीकडे बोट केलं. "ते बाहेरचं कडुनिंबाचं झाड आत्ता, भर दुपारी, श्वसन करतंय का गं?"

"नाही सर. दिवसा प्रकाशसंश्लेषण, रात्री श्वसन."

"बरं. आणि त्याचं मूळ? तिथे तर कायमचीच रात्र."

मी गप्प. दोन वर्षं पाठ केलेलं सगळं त्या एका प्रश्नात पार कोलमडलं.

आता खोट कुठे होती ते जरा लांबण लावून सांगते, कारण पुढे प्रत्येक बॅचमध्ये हीच चूक करणारे मला भेटलेत. आपल्या डोक्यात 'श्वसन' म्हटलं की नाक येतं, छाती वरखाली होते. पण तो श्वासोच्छ्वास. हवा आत, हवा बाहेर. नाक, श्वासनलिका, श्वासपटल, वायुकोश, रक्तातलं हिमोग्लोबिन, हे सगळं मिळून नुसतं वाहतूक खातं आहे. माल पोचवायचा, रिकामी गाडी परत आणायची. खरं श्वसन पेशीत होतं, मुख्यतः तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात), जिथे ग्लुकोज टप्प्याटप्प्याने तोडून एटीपी, म्हणजे पेशीला खर्चायला मिळणारी ऊर्जेची नाणी, तयार होतं. हे काम तुमच्या पिंढरीच्या स्नायूत चालतं, कडुनिंबाच्या पानात चालतं, त्याच्या मुळात चालतं. दिवसा चालतं, रात्री चालतं. पेशी जिवंत आहे तोवर त्याला सुट्टी नाही. प्रकाशसंश्लेषण हा पानाचा जादा धंदा आहे. तो उन्हात चालतो म्हणून घरचा स्वयंपाक बंद होत नाही.

मग दिवसा झाडातून ऑक्सिजनच का बाहेर पडतो? कारण भर उन्हात प्रकाशसंश्लेषणाचा वेग श्वसनाच्या कितीतरी पट असतो. श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड पानातल्या पानातच वापरला जातो. बाहेर दिसते ती फक्त शिल्लक. इंगेनहाउझ या डच शास्त्रज्ञाने 1779 मध्ये दाखवून दिलं की हवा सुधारण्याचं काम फक्त हिरवे भाग आणि तेही उजेडातच करतात. अंधारात तेच पान हवा बिघडवतं. आपण त्यातलं 'अंधारात' तेवढं पकडलं आणि श्वसनाला रात्रपाळी लावून टाकली.

त्यात शब्दांची गंमत बघा. पानातून पाण्याची वाफ जाते त्याला आपल्याकडे बाष्पोच्छ्वास म्हणतात. नावात उच्छ्वास, पण श्वसनाशी काही देणंघेणं नाही. आणि कॉलेजात गेल्यावर श्वासोच्छ्वास काय नि श्वसन काय, सगळ्यालाच 'रेस्पिरेशन' म्हणायचं. आपल्या बोर्डात वनस्पतींचं रेस्पिरेशन अकरावीत, माणसाचं बारावीत. एक बॉटनीच्या मॅडम शिकवणार, दुसरं झूलॉजीचे सर. दोघं एका स्टाफरूममध्ये चहा पितात, पण पेशीतलं श्वसन दोन्हीकडे एकच आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. क्लासच्या सरांना विचारलं तर म्हणाले, "हे पेपरला येत नाही, तू क्रेब सायकलचा शॉर्टकट पाठ कर." 'पेपरला येत नाही' हे ज्याचं आवडतं वाक्य आहे त्या मास्तरापासून लांब राहा, मग त्याचे फ्लेक्स चौकाचौकात लागलेले का असेनात.

खरं उत्तर मला घरीच मिळायला हवं होतं. आम्ही सांगलीकडचे, ऊसवाले. आबा पाटाचं पाणी देताना हमखास म्हणायचे, "थांब, वाफसा येऊ दे." वाफसा म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने गच्च भरल्या की मुळांना ऑक्सिजन मिळत नाही, कारण पाण्यातून तो हवेपेक्षा साधारण 10,000 पट हळू पसरतो. 2019 च्या महापुरात आमचा ऊस कितीतरी दिवस पाण्यात उभा होता. पाणी उतरल्यावर आबांनी एक बेट उपटून दाखवलं. मुळं काळी पडलेली, हाताला बुळबुळीत, नाक धरावं असा वास. "गुदमरलं," एवढंच म्हणाले. मी शेजारी उभी होते. आणि तरीही त्या परीक्षकांसमोर मुळं श्वसन करतात हे मला सुचलं नाही. याचा राग मला अजून येतो.

दुसरा चकवा याच्याच पोटातला. 'आपण ऑक्सिजन घेतो आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड करून सोडतो' हे वाक्य खोडून टाका. घेतलेला ऑक्सिजन तंतुकणिकेतल्या इलेक्ट्रॉन पुढे पुढे देणाऱ्या साखळीच्या शेवटी इलेक्ट्रॉन आणि हायड्रोजन उचलतो आणि त्याचं पाणी होतं. कार्बन डायऑक्साइड निघतो तो अन्नाचा रेणू तुटताना. झाडाचंही तसंच, फक्त उलट्या दिशेने. पान सोडतं तो ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून नाही, पाण्याचा रेणू फुटून येतो. रुबेन आणि केमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1941 मध्ये ऑक्सिजन-18, म्हणजे माग काढता येईल असा जड ऑक्सिजन, वापरून हे तपासलं. हे कळलं की पिंपळ रात्रभर ऑक्सिजन देतो असा मेसेज काकांनी पाठवला तरी उत्तर देता येतं: पाणी फोडायला प्रकाश लागतो. कोरफडीसारखी झाडं रात्री पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात खरी, पण ऑक्सिजन त्यांचाही दिवसाच सुटतो. (काकांना उत्तर पाठवू नका. मी पाठवलं होतं.)

असंच एक उच्छ्वासाचं. आपण सोडतो त्या हवेतही सुमारे 16 टक्के ऑक्सिजन असतो, म्हणून तर तोंडाने श्वास देऊन माणूस वाचवता येतो.

नीट, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेबद्दल थोडंच सांगते. 720 पैकी 360 गुण बायोचे, चुकलं की एक वजा. मला दोन प्रयत्नांत जमलं नाही, आज बीएस्सी अ‍ॅग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लोक 'बरं झालं' म्हणतात तेव्हा बरं वाटत नाही. पण एक खरं, इंग्रजीमुळे मी हरले नाही. जलवाहिनी म्हणजे झायलम, रसवाहिनी म्हणजे फ्लोएम, ही अदलाबदल दोन-तीन महिन्यांत अंगवळणी पडते. वहीच्या मागच्या पानावर जोड्या लिहीत जा, बस. तुमचंही होईल, त्याची काळजी नको. काळजी करा ती न समजता पाठ झालेल्या वाक्यांची. परीक्षेच्या आदल्या रात्री बघायचे ते 'एका तासात पूर्ण धडा' व्हिडिओ मीही पाहिलेत. त्यांनी झोप तेवढी गेली.

त्यापेक्षा हे करा. दोन थर्मास घ्या. एकात मोड आलेली मटकी, दुसऱ्यात तीच उकडून गार केलेली. तोंडाला कापसाचा बोळा, आत थर्मामीटर. दुसऱ्या दिवशी पहिल्यातला पारा वर चढलेला दिसेल; श्वसनातली सगळी ऊर्जा एटीपीत जात नाही, बरीच उष्णता होऊन निघते. उकडलेली मटकी आधी जंतुनाशकाने धुऊन घ्या. मी धुतली नव्हती, तर तिसऱ्या दिवशी तीही गरम लागायला लागली. मटकी मेलेली होती, पण तिच्यावरचे जिवाणू आणि बुरशी जिवंत होते, आणि श्वसन तेही करतात.